चार आसनी विमानाचं पॅनल कसं आखावं: पुठ्ठ्याच्या पॅनलपासून ब्रेकर ओढण्याच्या सरावापर्यंत

अमेरिकेत छंद म्हणून विमान उडवणारी मराठी माणसं आता चांगलीच आहेत. गणपतीत मंडळात गाठ पडली की त्यातला कुणीतरी मला बाजूला घेतो आणि विचारतो, "जुनी सेसना घेतलीय, स्क्रीन कोणती बसवू?" माझं उत्तर दरवेळी एकच असतं: स्क्रीन शेवटी ठरवा. आधी एक कोरा कागद घ्या.

आम्ही तिघांनी मिळून घेतलेली सेसना १७२ ही १९७५ सालची आहे. डॅलसच्या उत्तरेला एका लहान विमानतळावर असते. घेतली तेव्हा पॅनलवर, म्हणजे वैमानिकासमोरच्या उपकरणांच्या फळीवर, सहा गोल घड्याळं (काट्यांची मापनयंत्रं) होती, एक मेलेला एडीएफ (जुन्या पद्धतीचा रेडिओ दिशादर्शक) होता, आणि लोरान नावाच्या यंत्रणेचा डबा होता, जिचं प्रक्षेपण अमेरिकेने २०१० मध्येच बंद केलं. आज त्यातल्या बऱ्याच गोष्टींच्या जागी दोन लहान स्क्रीन, एक जीपीएस आणि योकवर (विमान वळवायच्या हँडलवर) एक टॅबलेट आहे. हे आखताना आम्ही दोन मोठ्या चुका केल्या आणि वेळेवर दुरुस्त केल्या. त्या तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून कामाचा क्रम सांगतो.

कागदावरचे चार रकाने

कागदावर चार रकाने आखा. पहिल्यात लिहा, उडताना मला काय कळायला हवं: विमान सरळ आहे की कललंय, वेग, उंची, दिशा, मी कुठे आहे, पुढे हवा कशी आहे, आसपास कोण आहे, इंजिन आणि इंधनाची स्थिती काय, आणि रेडिओवर बोलता येतंय का. दुसऱ्यात लिहा, हे मला सध्या कुठे दिसतं. तिसऱ्यात, ते बंद पडलं तर कुठे बघीन. चौथा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा: दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातल्या गोष्टी एकाच तारेवर, एकाच नळीवर किंवा एकाच पंपावर तर चालत नाहीत ना?

आमची पहिली चूक या चौथ्या रकान्यात सापडली. जुन्या १७२ मध्ये विमानाचा कल दाखवणारा ॲटिट्यूड इंडिकेटर आणि दिशा दाखवणारा जायरो (वेगाने फिरणाऱ्या चकतीचं उपकरण) हे दोन्ही इंजिनाला जोडलेल्या एकाच व्हॅक्यूम पंपावर फिरतात, आणि वळण दाखवणारा टर्न कोऑर्डिनेटर विजेवर. म्हणजे पंप तुटला की दोन महत्त्वाची घड्याळं एकदम जातात. तीही सांगून जात नाहीत. जायरो हळूहळू मंदावतो आणि थोडं थोडं खोटं दाखवत जातो. ढगात असताना त्या खोट्याच्या मागे जाणं जिवावर बेततं. म्हणून आम्ही ठरवलं, दोन इलेक्ट्रॉनिक स्क्रीन लावू आणि पंपच काढून टाकू. कागदावर दिसायला उत्तम. मग आमच्या मेकॅनिकने विचारलं, "आणि पिटो नळीत पाणी गेलं तर?"

दोन्ही स्क्रीनना वेग आणि उंची बाहेरच्या हवेचा दाब आत आणणाऱ्या त्याच पिटो-स्टॅटिक नळ्यांतून कळते. नळी तुंबली तर दोन्ही स्क्रीन तेच चूक आकडे अगदी सुबक अक्षरांत दाखवतील. स्क्रीन दोन आहेत म्हणजे माहितीचे स्रोत दोन आहेत, असं नाही. नळी तुंबल्यावर उपयोगी पडतो तो जीपीएसने दाखवलेला जमिनीच्या तुलनेतला वेग, त्याची उंची, आणि ठरलेल्या पॉवरला विमान कसं वागतं याची पाठ असलेली सवय. स्क्रीनच बंद पडली तर मात्र काट्याचं घड्याळ कामी येतं. त्यामुळे जुनं यांत्रिक एअरस्पीड इंडिकेटर (वेगाचं घड्याळ) आणि अल्टिमीटर (उंचीचं घड्याळ) आम्ही तसंच ठेवलं. सुबकपणासाठी ती काढू नका.

नियम कागदावर मांडून घ्या

अमेरिकन नोंदणीच्या विमानासाठी तिथल्या विमान नियमावलीतला नियम ९१.२०५ समोर ठेवा. दिवसा नजरेने उडताना काय लागतं, रात्री त्यात काय वाढतं, आणि ढगांत उपकरणांच्या आधारे उडताना काय वाढतं, हे तिथे ओळीने दिलंय. त्या यादीतलं काहीही टॅबलेटच्या भरवशावर सोडता येत नाही. खासगी उड्डाणात नकाशे, अ‍ॅप्रोच प्लेट (धावपट्टीवर उतरण्याच्या मार्गाचे तक्ते), चेकलिस्ट कागदाऐवजी टॅबलेटवर ठेवायला एफएएची, म्हणजे अमेरिकेच्या हवाई नियामक संस्थेची, हरकत नाही. अट एवढीच की माहिती ताजी असावी आणि टॅबलेट बंधनकारक उपकरणाची जागा घेऊ नये. टॅबलेटवरचा विमानाचा लहानसा बाण कितीही अचूक वाटला तरी ढगांत दिशादर्शनासाठी पॅनलमधला मान्यताप्राप्त जीपीएस किंवा व्हीओआरच (जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांवरून दिशा दाखवणारं उपकरण) लागतो.

दुसरा प्रश्न विमानाच्या जातीचा. आमच्यासारख्या कारखान्यात बनलेल्या, प्रमाणित विमानात वाटेल ते बसवता येत नाही. त्या मॉडेलसाठी मान्यता असलेलंच उपकरण घ्यावं लागतं, काम मेकॅनिकने करून तपासनिसाने सही करावी लागते, आणि वजन-समतोलाचा कागद नव्याने करावा लागतो. स्वतः बांधलेलं, एक्स्पेरिमेंटल वर्गातलं विमान असेल, उदाहरणार्थ व्हॅन्सचं आरव्ही, तर मोकळीक खूप असते आणि तीच स्क्रीन पुष्कळ स्वस्तात मिळते. मोकळीक आहे म्हणून चौथा रकाना गाळायचा नाही.

१ जानेवारी २०२० पासून अमेरिकेत मोठ्या विमानतळांभोवतीच्या नियंत्रित हवाई क्षेत्रात एडीएस-बी आउट, म्हणजे विमानाची जागा आपोआप प्रसारित करणारी यंत्रणा, बंधनकारक आहे. डॅलससारख्या शहराजवळ राहत असाल तर त्यातून सुटका नाही. हा खर्च तसाही होणारच, म्हणून ट्रान्सपॉन्डर (रडारला उत्तर देणारं उपकरण) आणि जीपीएस एकत्र असलेल्या पेटीचा विचार इथेच करून टाका. गार्मिनचं जीएनएक्स ३७५ हे असं एक उपकरण आहे: जीपीएस, ट्रान्सपॉन्डर, एडीएस-बी आउट आणि इन (इतर विमानांची आणि हवामानाची माहिती घेणारा भाग), सगळं एकात. गैरसोय अशी की एक पेटी गेली तर दोन गोष्टी जातात. आम्ही ते पत्करलं, कारण रेडिओ वेगळा होता आणि व्हीओआर आम्ही काढला नाही.

व्हीओआरबद्दल दोन शब्द. जीपीएस आल्यापासून त्याला जुनाट म्हणायची पद्धत पडलीय. पण जीपीएसचे संकेत उपग्रहांवरून येताना इतके क्षीण झालेले असतात की जमिनीवरून त्यांत अडथळा आणणं अवघड नाही, आणि लष्करी चाचण्यांमुळे संकेत मिळणार नाहीत अशा सूचना अमेरिकेत नियमित निघतात. एफएएने व्हीओआरचं एक किमान जाळं मुद्दाम चालू ठेवलंय ते यासाठीच. एक व्हीओआर रिसीव्हर राहू द्या.

स्क्रीन निवडताना

जुन्या गोल घड्याळाच्या तीन पूर्णांक एक अष्टमांश इंची भोकात बसणाऱ्या लहान स्क्रीन हा आमच्यासारख्यांसाठी सर्वांत सरळ मार्ग. गार्मिनचं जी५ किंवा जीआय २७५ या प्रकारात येतं. नवं पॅनल कापावं लागत नाही, आणि काम टप्प्याटप्प्याने करता येतं. ॲटिट्यूड इंडिकेटर म्हणून लावल्या तर दोन्हींत आतली बॅटरी असते. जी५ त्यावर सुमारे चार तास चालतं, जीआय २७५ तासभर. अल्टरनेटर गेल्यावर तुम्ही जमिनीपासून किती दूर असता, त्यावरून यातलं काय पुरेल ते ठरवा. टेक्सासात मला अर्ध्या तासात उतरायला धावपट्टी मिळते. माँटानात उडणाऱ्याने वेगळा हिशेब करावा.

दुसरा मार्ग म्हणजे सगळं पॅनल उतरवून सात किंवा दहा इंचांची मोठी स्क्रीन: गार्मिन जी३एक्स टच, डायनन स्कायव्ह्यू वगैरे. इंजिनाची सगळी माहितीही त्यात येते, दिसतंही देखणं. मी हा मार्ग तेव्हाच सुचवीन जेव्हा तुम्ही वर्षाला भरपूर तास उडता, विमान दहा वर्षं ठेवणार आहात आणि ते काही महिने वर्कशॉपमध्ये पडून राहिलं तर चालणार आहे. जुन्या १७२ मध्ये घातलेला पैसा विकताना पूर्ण परत येत नाही, हेही मनाशी धरा.

ऑटोपायलट असेल तर थांबा. काही जुने ऑटोपायलट विमान किती कललंय ते थेट व्हॅक्यूमच्या ॲटिट्यूड इंडिकेटरकडून घेतात, तर काही टर्न कोऑर्डिनेटरकडून. ते घड्याळ काढलं की ऑटोपायलट आंधळा होतो. आमची दुसरी चूक हीच होणार होती. आम्ही टर्न कोऑर्डिनेटर काढून त्या जागी दुसरी स्क्रीन लावायचं पक्कं केलं होतं, आणि आमचा जुना एकअक्षी ऑटोपायलट नेमका त्याच्याच भरवशावर होता. ऑर्डर देण्याच्या आदल्या आठवड्यात वायरिंगचा जुना कागद चाळताना ते लक्षात आलं. ऑटोपायलटचं मॉडेल आणि तो कुठून माहिती घेतो, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

विजेचा हिशेब

हे काम कंटाळवाणं आहे आणि करावंच लागतं. आमचा अल्टरनेटर ६० अँपिअरचा. सतत चालणारा भार त्याच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा, म्हणजे ४८ अँपिअर. रात्री, पावसात, सगळं चालू असताना काय काय ओढतं ते लिहा: पिटो हीट (पिटो नळी गरम ठेवणारा हीटर), लँडिंग लाइट, नेव्हिगेशन दिवे, बीकन, दोन रेडिओ, ट्रान्सपॉन्डर, स्क्रीन, आणि टॅबलेटचं चार्जिंग. नवी इलेक्ट्रॉनिक उपकरणं जुन्यांपेक्षा कमीच वीज खातात. खरे खादाड म्हणजे जुना लँडिंग लाइट आणि पिटो हीट. आमच्या जुन्या १०० वॅटच्या दिव्याला सात अँपिअरच्या वर लागत. एलईडी लावल्यावर त्यातले बरेचसे वाचले.

मग उलटा हिशेब करा. अल्टरनेटर गेला आणि फक्त बॅटरी उरली, तर काय बंद करून किमान अर्धा तास काढाल? तो क्रम एका कार्डावर लिहून पॅनलवर चिकटवा. आमच्या कार्डावर पहिली ओळ आहे: दुसरा रेडिओ, लँडिंग लाइट, यूएसबी.

यूएसबीबद्दल एक अनुभव. सिगारेट लायटरच्या भोकात घालायचा स्वस्त चार्जर मी एकदा वापरला. उड्डाणभर कानात बारीक किर्र आवाज, आणि टॉवरचं निम्मं बोलणं त्यात बुडालेलं. चार्जर उपटला आणि आवाज त्याच क्षणी थांबला. तेव्हापासून विमानासाठी बनवलेलं, पॅनलमध्ये बसवलेलं यूएसबी पोर्टच वापरतो.

पुठ्ठ्याचं पॅनल

आता मला सर्वांत आवडणारी पायरी. पॅनलचा समोरून नीट फोटो काढा, मोजमापं घ्या, आणि जाड पुठ्ठ्यावर खऱ्या मापाचं पॅनल कापा. निवडलेल्या प्रत्येक उपकरणाचं चित्र खऱ्या आकारात छापून त्यावर टाचणीने लावा. पुठ्ठा पॅनलवर टेकवा, सीट तुमच्या नेहमीच्या खाचेत सरकवा, पट्टा आवळा आणि बसून राहा. किमान अर्धा तास.

योक पूर्ण मागे ओढा, पूर्ण पुढे ढकला, दोन्हीकडे वळवा. काय झाकलं जातं? जीपीएसच्या बटणापर्यंत हात खांदा न हलवता जातो का? ट्रान्सपॉन्डरचा आकडा वाचायला मान किती वळते? आमच्यातल्या एकाचा चष्मा दुहेरी भिंगाचा आहे. आम्ही जीपीएस सगळ्यांत वर लावला होता, आणि तो वाचायला त्याला हनुवटी उचलून डोकं मागे टाकावं लागत होतं. ढगांत अशी मान हलवली की कानातला तोल फसतो आणि विमान वळतंय असं वाटू लागतं. जीपीएस एक घर खाली आला. टाचणी काढून दुसरीकडे टोचायला अर्धा मिनिट लागला. हाच बदल पत्रा कापून झाल्यावर करायचा म्हणजे हजारो डॉलर.

विमान उन्हात उभं करून हाच प्रयोग पुन्हा करा. उजवीकडून ऊन आलं की काच कुठे चमकते ते बघा. पोलराइज्ड गॉगल वापरत असाल तर तो सोडा: काही एलसीडी स्क्रीन त्यातून काळ्याठिक्कर दिसतात. रात्रीसाठी प्रत्येक स्क्रीनचा उजेड किती खाली उतरतो ते दुकानात दिवे मालवून पाहा. एक जरी स्क्रीन हट्टाने उजळ राहिली तरी बाहेरच्या अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा बिघडतात.

टॅबलेट: जागा, ऊन आणि वीज

आकाराच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. १७२ च्या कॉकपिटमध्ये आठ इंचांच्या आसपासचा टॅबलेट हवा. मोठा घेतला तर योकवर खालची स्विचं झाकतो आणि मांडीवर ठेवला तर योक अडतो. आयपॅड घेत असाल तर सेल्युलर मॉडेल घ्या, सिम घातलं नाही तरी चालेल, कारण फक्त वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं. फोरफ्लाइट हे वैमानिकांचं नकाशांचं ॲप हवं असेल तर ॲपलशिवाय पर्याय नाही. गार्मिन पायलट अँड्रॉइडवरही चालतं. युरोपात उडणाऱ्यांमध्ये स्कायडेमन लोकप्रिय आहे. ॲप निवडताना एकच निकष पुरे: तुमच्या पॅनलमधल्या जीपीएसशी ते ब्लूटूथने बोलतं का, म्हणजे घरी आखलेला मार्ग एका स्पर्शात पॅनलमध्ये जाईल.

जागा ठरवताना होकायंत्र विसरू नका. टॅबलेटच्या कव्हरमध्ये आणि बऱ्याच टॅबलेटमध्येही लोहचुंबक असतात. मी एकदा तो काचेवर, होकायंत्राच्या खाली, सक्शन कपने लावला. धावपट्टीवर रांगेत उभं राहून दिशा जुळवायला गेलो तर होकायंत्र दहा अंश सरकलेलं. टॅबलेट काढून मांडीवर घेतला तसा काटा डुलत जागेवर आला. तेव्हापासून तो योकच्या मधोमध असतो.

उष्णता हा टेक्सासातला सगळ्यांत मोठा शत्रू. माझ्या टॅबलेटच्या माहितीपत्रकात वापराची कमाल मर्यादा ३५ अंश सेल्सिअस लिहिलीय. जुलैत दुपारी दोन वाजता बंद विमानात शिरलं की तापमान त्याच्या कितीतरी वर असतं. एका दुपारी ह्यूस्टनच्या वाटेवर, निघून पंधरा मिनिटं झाली नसतील, टॅबलेट काळा पडला आणि मधोमध थर्मामीटरचं चित्र आलं. नकाशा, प्लेट, हवामान, सगळं गेलं. पॅनलमधला जीपीएस मार्ग दाखवतच होता, म्हणून घाबरण्याचं कारण उरलं नाही, पण पुढच्या विमानतळाची वारंवारता शोधायला मला मागच्या सीटवरची पिशवी उपसावी लागली.

त्यानंतरचा माझा नेम असा: टॅबलेट विमानात कधीच ठेवून जायचा नाही, तो घराच्या गारव्यातून थेट योकवर येतो. जाड कव्हर काढतो, कारण ते उष्णता धरून ठेवतं. चार्जिंग घरीच पूर्ण, कारण चार्ज होतानाही तो तापतो. पंखाच्या मुळाशी असलेला हवेचा झोत त्याच्या पाठीवर वळवतो. फोनवर तेच ॲप, तेच नकाशे उतरवून तो शर्टाच्या खिशात. आणि मार्गावरच्या तीन विमानतळांची वारंवारता, धावपट्टी आणि उंची एका कागदावर हाताने लिहिलेली, मांडीच्या पट्ट्यात खोचलेली.

निघण्याच्या आदल्या रात्री मार्गावरचे सगळे नकाशे उतरवा, मग टॅबलेट विमान मोडमध्ये टाकून मार्गावर बोट फिरवा. जिथे रिकामे चौकोन दिसतील तिथलं उतरलेलं नाही. अ‍ॅप्रोच प्लेट आणि पॅनलमधल्या जीपीएसचा डेटाबेस २८ दिवसांनी बदलतो, नजरेने उडण्याचे सेक्शनल नकाशे ५६ दिवसांनी. टॅबलेटचं आणि पॅनलचं वर्गणीचं खातं वेगळं असतं. एक ताजं म्हणून दुसरंही ताजं असेल असं धरू नका. आणि आदल्या रात्री ॲपचं किंवा टॅबलेटचं मोठं अपडेट कधीही घेऊ नका.

हवामान आणि आसपासची विमानं

एडीएस-बी इन रिसीव्हर असला की अमेरिकेत हवामान फुकट मिळतं. पावसाचे लाल-पिवळे डाग नकाशावर येतात आणि वाटतं, या दोन डागांमधून सहज निघून जाऊ. हे कधीही करू नका. त्या चित्रावर 'पाच मिनिटांपूर्वीचं' असं लिहिलेलं असतं ते चित्र जुळवल्याची वेळ धरून. रडारने पाऊस बघितला त्याला त्याहून जास्त वेळ झालेला असतो. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने, एनटीएसबीने, २०१२ मध्ये यावर स्वतंत्र इशारा दिला: टोकाच्या प्रसंगी खरं वय दाखवलेल्या वयापेक्षा १५ ते २० मिनिटांनी जास्त असू शकतं. टेक्सासात वादळ तेवढ्या वेळात मोकळी वाट बुजवून टाकतं. या चित्राचा उपयोग वादळाला लांबून वळसा घालायला करा.

विमानांचंही तसंच. ट्रान्सपॉन्डर नसलेलं शेतफवारणीचं विमान किंवा ग्लायडर तुमच्या स्क्रीनवर येणारच नाही. धावपट्टीच्या फेऱ्यात शिरलात की डोळे बाहेर.

भारतात येऊन उडणार असाल तर ही फुकट हवामान सेवा तिथे गृहीत धरू नका. भारताच्या हवाई नियामकाचे, डीजीसीएचे, नियम वेगळे आहेत, आणि खिशातला सॅटेलाइट मेसेंजर परवान्याशिवाय तिथे आणणं बेकायदेशीर आहे. गगन या उपग्रहांवरून जीपीएसच्या चुका सुधारणाऱ्या भारतीय यंत्रणेमुळे जीपीएसची अचूकता मात्र भारतातही चांगली मिळते.

वर्कशॉप आणि त्यानंतर

वर्कशॉप निवडताना किमतीआधी विचारा: हेच उपकरण तुम्ही याच मॉडेलमध्ये बसवलंय का, जुन्या मेलेल्या तारा काढणार की तशाच सोडणार, नवा वायरिंग आराखडा हातात देणार का. आमच्या विमानातून मेलेल्या तारांची दोन मोठी भेंडोळी निघाली. मजुरी उपकरणांच्या किमतीइतकी होणं नवलाचं नाही. विमान ताब्यात घेताना उड्डाण पुस्तिकेची पुरवणी, नवं वजन-समतोल, होकायंत्राचं नवं कार्ड आणि स्टॅटिक यंत्रणेच्या तपासणीची नोंद हातात असल्याशिवाय निघू नका.

आणि मग शिका. एनटीएसबीने २०१० मध्ये लहान विमानांतल्या काचेच्या कॉकपिटचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात नव्या स्क्रीनच्या विमानांचे एकूण अपघात कमी निघाले, पण प्राणघातक अपघातांचं प्रमाण जास्त होतं, आणि मंडळाने भर दिला तो प्रशिक्षणावर. म्हणून आधी घरी ट्रेनर ॲपवर बोटं बसवा, मग पहिली दहा तासांची उड्डाणं स्वच्छ हवेत, शेजारी प्रशिक्षक घेऊन.

त्या दहा तासांत एक सराव हमखास करा. तीन हजार फुटांवर, मोकळ्या आकाशात, प्रशिक्षकाला सांगून मुख्य स्क्रीनचा ब्रेकर (तिची वीज तोडणारं बटण) ओढायला लावा आणि त्याच वेळी टॅबलेट पालथा घालायला लावा. आतली बॅटरी स्क्रीन चालूच ठेवेल, म्हणून ती हाताने बंद करा. आता पहिला कागद आठवा, तिसरा रकाना. पहिल्या खेपेला माझी नजर काळ्या स्क्रीनवरच परत परत जात होती. चार वेळा केल्यावर ती आपोआप उजवीकडच्या लहान स्क्रीनवर आणि काट्याच्या अल्टिमीटरवर जाऊ लागली. काळी स्क्रीन सारखी लक्ष वेधते, म्हणून मी एक जाड पिवळा चिकट कागद दरवाज्याच्या कप्प्यात ठेवलाय, बंद पडलेल्या घड्याळावर चिकटवायला. आमच्यातले तिघंही दर सहा महिन्यांनी हा सराव करतो, आणि त्याच दिवशी तो कागद नवा ठेवतो.